हापूसच्या पेट्या विकायला एक्स कितपत कामाचे?

२०२२ मध्ये मालक बदलले, २०२३ मध्ये ट्विटरचे एक्स झाले आणि बरेच जाहिरातदार पांगले. तरी देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराने खाते उघडावे का? उघडावे, पण पेट्या तिथे खपतील या भरवशावर नाही.

फुकट खात्यात एका पोस्टला २८० अक्षरे मिळतात. मराठीत ती भराभर संपतात, कारण काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगळे मोजले जाते. ‘रत्नागिरी’ एवढ्या एका शब्दाला ९ जातात! लिंक मात्र कितीही लांब असली तरी २३च धरते. म्हणून मजकुरात फक्त डझन, फळाचे वजन, पाठवण्याचा वार आणि व्हॉट्सअ‍ॅपची लिंक ठेवा. दरपत्रक फोटोत टाका. पोस्टला चार फोटो बसतात. त्यातला एक जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणीच्या प्रमाणपत्राचा हवाच. खात्याच्या नावापुढची निळी खूण आता पैसे भरून मिळते, त्यामुळे तिच्यावरून माल अस्सल ठरत नाही. कर्नाटकी आंबा हापूस म्हणून खपवला जात असताना गिऱ्हाईक पुरावा मागणारच, आणि त्याने तो मागावाच.

फुकट खात्यात पोस्ट दुरुस्त करता येत नाही. दर चुकला तर ती काढून नवी टाका, नाहीतर जुन्या दराचा स्क्रीनशॉट घेऊन लोक भांडतात.

खरा उपयोग वेगळाच आहे. हवामान खात्याचे अवकाळीचे इशारे आणि कोकण रेल्वेच्या सूचना इथे मिळतात. तोडणी आणि पाठवणी ठरवायला तेवढ्यासाठी खाते ठेवा. निळ्या खुणेवर पैसे घालू नका. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवरच घ्या.