एचडीपीई बेड बॅग: अळूला चालते, शेवग्याला नाही

चार बाय दोन बाय एक फुटाची हिरवी बेड बॅग, म्हणजे माती भरून वाफ्यासारखी वापरायची विणलेल्या एचडीपीई प्लास्टिकची पिशवी, आता बहुतेक रोपवाटिकांत मिळते. मेथी-कोथिंबिरीसाठी डोळे झाकून घ्यावी. अळू, तोंडली, गवती चहा अशा वर्षानुवर्षं एकाच जागी राहणाऱ्या भाज्यांसाठी मात्र नुसती बॅग पुरत नाही, तिला घरी केलेली चौकट लागतेच.

कारण पावसाळ्यात भिजली की बॅगेला पोट सुटतं. लांब बाजू मधोमध फुगतात आणि सगळा ताण कोपऱ्यांच्या शिवणीवर येतो. हंगामी भाजी असेल तर बॅग रिकामी करून बदलता येते, पण अळूचे कंद आणि तोंडलीची मुळं आत असताना काय करणार? माल ठेवायच्या लाकडी पॅलेटच्या पट्ट्यांची फूटभर उंच चौकट करा, चार कोपऱ्यांना दोन बाय दोन इंचाचे खुंट आणि लांब बाजूंना मध्ये आणखी एकेक खुंट द्या. लाकडावर ‘एचटी’ (हीट ट्रीटेड, म्हणजे उष्णता दिलेलं) शिक्का असलेलं पॅलेट घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूचा धूर दिलेलं, ते नको. वाळवीसाठी जळकं ऑइल फासायची सवय असते, खायच्या भाजीजवळ ते नको. लाकूड ओलीपासून जपायला जवसाचं तेल लावा.

खरी खोट निचऱ्यात आहे. बहुतेक बॅगांची भोकं तळापासून इंचभर वर, बाजूला असतात. त्यामुळे तळाशी पाणी साचतं. अळू त्यावर खूश, तोंडली मात्र सडते आणि कढीपत्ता पिवळा पडतो. म्हणून अळूचा वाफा वेगळा ठेवा: दीड-दीड फुटावर तीन कंद, तीन इंच खोल. बाकीच्यांसाठी तळालाच आठ-दहा भोकं पाडा, पण सुरीने नव्हे. चिरलेल्या कडेचे धागे सुटत जातात आणि भोक फाटत जातं. तापवलेल्या सळईने पाडलं की कड वितळून पक्की होते. आतून शेडनेटचा तुकडा, त्यावर नारळाच्या शेंड्यांचा दोन इंच थर.

काठोकाठ भरली तर सव्वादोनशे लिटर मिश्रण मावतं. नुसती माती भरली तर भिजल्यावर वजन साडेतीनशे किलोच्या वर जातं. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला दीडशे किलो, म्हणजे चौरस फुटाला सुमारे चौदा. इथे चाळीसच्या वर होतो. तेव्हा माती एक भाग, कोकोपीट दोन भाग, चाळलेलं कंपोस्ट दोन भाग आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. हेही हलकं नाहीच. वाफा तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवा, स्लॅबच्या मध्यावर नको. इमारत जुनी असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. खाली विटांचे तुकडे देऊन चार इंच उचला, म्हणजे पाणी वाहून जाईल.

पावसाळाभरात मिश्रण दोन-तीन इंच खचतं. उघड्या पडलेल्या काठाला ऊन लागून तो ठिसूळ होतो, म्हणून वरून कंपोस्टची भर घाला किंवा काठ आत दुमडा. अळूला ही भर मानवते. कढीपत्त्याच्या खोडाशी ढीग करू नका.

गवती चहाचा ठोंब दोन-तीन वर्षांनी फोडावा लागतो, आणि तेव्हाच खुरप्याचं टोक बॅगेत घुसतं. काठापासून वीतभर आत लावा. पुदिना याच वाफ्यात घातलात तर बाकीच्यांना जागा उरणार नाही.

शेवगा मात्र यात लावूच नका. फूटभर खोलीत त्याचं सोटमूळ मावत नाही, वाऱ्यात झाड कलंडतं. त्याला दोनशे लिटरचा ड्रम द्या.

घेताना 260 जीएसएम (कापडाचं चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) बघा आणि दुकानातच आतली शिवण उलटून पाहा. एकेरी शिवण असेल तर परत ठेवा.