साध्या कयाकला शीड चढवताना: घडीचे शीड, घरचे लग शीड की उलांडी?

बारा ते चौदा फुटांची, वर बसून चालवायची प्लास्टिकची कयाक ज्यांच्याकडे आधीच आहे आणि तिला शीड लावायचे ज्यांच्या मनात पक्के होत आले आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. पर्याय ढोबळमानाने तीन आहेत: पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यापुरते घडीचे शीड, डोलकाठी आणि परबाणासह (शीड ज्यावर ताणतात ती वरची आडवी काठी) घरी बांधलेले लग शीड, आणि त्याच लग शिडाला दोन्ही बाजूंनी दिलेला उलांडीचा, म्हणजे आडव्या दांड्यांवर बसवलेल्या तरंगत्या नळ्यांचा आधार. कारखान्यातून उलांडीसकट तयार येणाऱ्या तिहेरी कयाकचा विचारही ओघाने येतोच. शीड किती मोठे असावे, हा प्रश्न बहुतेक जण सर्वांत आधी विचारतात. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारावा. वाऱ्याचा जोर अचानक वाढला तर बसल्या जागेवरून, एका हाताने, शीड खाली घेता येते की नाही, यावर बाकी सगळे ठरते.

या कसोटीला घडीचे शीड सहज उतरते. लवचिक कडीवर ताणलेले गोल कापड किंवा तंबूच्या फायबरच्या दोन काठ्यांवर पंख्यासारखे उघडणारे शीड घरी शिवता येते, वजन नगण्य असते आणि कयाकला एकही नवे भोक पाडावे लागत नाही. समोरचे दिसावे म्हणून मधोमध पारदर्शक प्लास्टिकची खिडकी आणि झुळकेचा धक्का जिरवण्यासाठी दोराच्या टोकाला हातभर इलॅस्टिक दोरी, एवढ्या दोनच सुधारणा पुरेशा होतात. मर्यादा उघड आहे: वारा पाठीशी किंवा फार तर तिरका मागून असावा लागतो, आणि परतताना वल्ह्याला पर्याय राहत नाही. मात्र कोकणातल्या खाडीत ही मर्यादा वाटते तितकी आड येत नाही. थंडी-उन्हाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा आत येतो. आपल्या बहुतेक खाड्या पूर्व-पश्चिम असल्यामुळे सकाळी मुखाकडे आणि दुपारी घराकडे, असे दोन्ही वेळा वाऱ्याला पाठ देऊन जाता येते. त्यात भरतीची वेळ जुळली तर उत्तमच. ओहोटीचे पाणी आणि खारा वारा समोरासमोर आले की मुखाजवळ आखूड, उभ्या लाटा उठतात, आणि मुंबईच्या बाजूला, जिथे उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, तिथे हा त्रास गोव्याच्या दोनएक मीटरच्या मानाने बराच अधिक असतो.

वाऱ्याच्या विरुद्ध नागमोडी चढत जायचे असेल तर लग शीड हाच घरच्या कारागिरीला झेपणारा मार्ग आहे. वर परबाण, खाली दुसरी काठी आणि दोन्हींचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे, अशी ही चौकोनी रचना बुटकी राहते, त्यामुळे वाऱ्याचा रेटा खालच्या पातळीवर बसतो आणि डोलकाठीला ताणदोरांची गरज पडत नाही. कयाकप्रवासाची गोडी लावणारा ब्रिटिश प्रवासी जॉन मॅकग्रेगर 1865 साली आपल्या ओकच्या कयाकमधून युरोपातल्या नद्या हिंडला तेव्हा त्याच्याकडेही लहानसे लग शीडच होते. दीडशेहून अधिक वर्षांत या बाबतीत फारसे काही बदललेले नाही. ताडपत्रीचे शीड करताना कापड सरळ रेषेत कापू नये, कारण सपाट शीड वाऱ्यात फुगत नाही आणि ओढही देत नाही. परबाणाच्या आणि डोलकाठीच्या बाजूच्या कडांना मध्यभागी बाहेरच्या बाजूला तीन-चार सेंटीमीटरचा बाक ठेवावा, आधी दुहेरी चिकटपट्टीने कडा दुमडाव्यात आणि मग शिवण घालावी. उन्हाने ताडपत्री लवकर कुजते, तेव्हा तिच्याकडे नमुना म्हणून पाहावे आणि माप जमले की तेच डेक्रॉनमध्ये, म्हणजे शिडांच्या पॉलिस्टर कापडात, शिवून घ्यावे.

खरी मेहनत दोरांवर घ्यावी. शीड चढवायचा दोर डोलकाठीच्या माथ्यावरच्या कप्पीतून खाली आणून, पायथ्याशी दुसऱ्या कप्पीतून वळवून थेट बैठकीच्या उजव्या हाताशी कॅम क्लीटमध्ये (दोर दातेरी जबड्यात धरणाऱ्या चिमट्यात) अडकवला, तर एका झटक्यात दोर सुटतो आणि परबाण मांडीवर येते. हाच दोर डोलकाठीलाच गाठ मारून बांधला तर तो सोडण्यासाठी उठून पुढे सरकावे लागते, आणि अरुंद कयाकवर नेमक्या त्याच क्षणी तसे करणे परवडत नाही. या कामाला नायलॉन घेऊ नये. ओला झाला की तो ताणतो आणि परबाण खाली लोंबते. पाच-सहा मिलिमीटरचा पॉलिस्टर दोर बरा. डायनिमा हा अतिमजबूत कृत्रिम धाग्याचा दोर ताणत नाही हे खरे, पण निसरडा असल्याने साध्या गाठी त्यात सरकतात. शिडाच्या मोकळ्या टोकाचा दोर मात्र कुठेही बांधून ठेवू नये, तो हातातच असावा.

लग शिडाबरोबर बाजूला पाण्यात सोडलेली फळी, म्हणजे लीबोर्ड, अपरिहार्य आहे. ती नसेल तर कयाक वाऱ्याबरोबर आडवी सरकत राहते. तीन चौरस मीटरच्या शिडाला पाण्याखाली साधारण 25 बाय 55 सेंटीमीटर फळी पुरते. ती मागेपुढे सरकवता येईल अशी बसवावी. कयाकचे तोंड सारखे वाऱ्याकडे वळत असेल तर फळी थोडी मागे घ्यावी, वाऱ्यापासून दूर जात असेल तर पुढे. शीड न बदलता, केवळ या सरकवण्याने सुकाणूवरचा भार निम्म्याने हलका झाल्यासारखा वाटतो. भोके पाडताना लक्षात ठेवावे की कयाकच्या पॉलिइथिलीनला गोंद किंवा सीलंट नीट धरत नाही. आरपार बोल्ट, आतून रुंद पट्टी आणि खाऱ्या पाण्यासाठी 316 दर्जाचे स्टेनलेस, असाच जोड टिकतो. डोलकाठी तळातल्या पाणी निघायच्या भोकात नुसती खोचली तर तिथले प्लास्टिक चिरते. वर आणि तळाशी असा दोन ठिकाणी आधार हवा.

उलांडीचा निर्णय आकड्यांनी सोपा होतो. ताशी 22 किलोमीटरच्या वाऱ्यात तीन चौरस मीटरच्या शिडावर आठ-नऊ किलोंचा आडवा रेटा येतो आणि तो पाण्यापासून सुमारे दीड मीटर उंचीवर बसतो. दोन्ही टोके बंद केलेली 110 मिलिमीटरची दोन मीटर पीव्हीसी नळी 19 लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे स्वतःचे वजन वगळून सोळा-सतरा किलो तोलून धरते; ती मध्यापासून 90 सेंटीमीटरवर असेल तर हा कलंडण्याचा जोर जेमतेम पेलते. वारा ताशी 33 किलोमीटर झाला की रेटा सव्वादोन पटींनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि मग नळी पूर्ण बुडते. म्हणून उलांडी असली तरी शिडाला अर्ध्यावर आटोपण्याची सोय हवीच. 160 मिलिमीटरची नळी घेतली तर आधार दुपटीने वाढतो, पण आडव्या दांड्यांवरचा ताणही वाढतो. तोटे दोन आहेत: वल्हे मारताना नळ्या आड येतात, आणि उलांडीसकट पालथी पडलेली कयाक एकट्याने सुलटी करणे फार जड जाते.

होबी कंपनीची टँडम आयलंड ही याच कल्पनेची कारखान्यात घडवलेली आवृत्ती आहे: साडेअठरा फूट लांबी, 90 चौरस फुटांचे शीड, बैठकीवरूनच डोलकाठीभोवती गुंडाळता येणारे, आणि पायांनी चालवायचे मिराज यंत्र. पण सगळ्या सामानासह वजन शंभर किलोंच्या पुढे जाते आणि आपल्याकडे आयात करण्याचा खर्च मोठा आहे. ती घेतलेले लोकही घरी बाजूला लाकडी बाके, जाळ्या, पुढे जोडशीड असे काही ना काही लावतातच. त्यांत जोडशीड मात्र जपून लावावे, कारण त्याचा ताण ताणदोरांवाचून उभ्या असलेल्या डोलकाठीवर जातो. टँडम आयलंडमधली एक गोष्ट घरच्या उलांडीसाठी उचलण्यासारखी आहे: दांडीच्या जोडात मुद्दाम प्लास्टिकचा कमजोर बोल्ट ठेवलेला असतो, म्हणजे खडकावर आदळले तर तो तुटतो आणि कयाकचे अंग वाचते.

खाडीतच फिरायचे आणि भरतीची वेळ पाळायची तयारी असेल, तर घडीच्या शिडावर थांबावे. मुळशी, पानशेतसारख्या जलाशयांत डोंगरांवरून वारा वळून, तुटक झुळकांनी येतो; तिथे लग शीड आणि लीबोर्ड घ्यावेत, उलांडी नंतर पाहावी, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी. उघड्या समुद्रावर किनाऱ्याला धरून जायचे असेल तरच आधी उलांडी, मग शीड. 1 जून ते 31 जुलै हा पश्चिम किनाऱ्यावरचा मासेमारीबंदीचा काळ असतो, आणि कोळी ज्या समुद्रात होडी घालत नाहीत त्यात कयाक नेण्याचे कारण नाही. ते दोन महिने नळ्या कापायला, शिवणकामाला आणि उथळ, शांत तलावात कयाक मुद्दाम पालथी करून पुन्हा चढण्याच्या सरावाला द्यावेत.