ॲबी रोड ५० वर्षांचा बॉक्स: पैसे वसूल का?

बीटल्स या इंग्लिश बँडच्या ॲबी रोड या १९६९ च्या अल्बमचा २०१९ चा बॉक्स शेवटी घेतलाच. ३ सीडी, १ ब्लू-रे, एकूण ४० ट्रॅक आणि १०० पानांचं जाडजूड पुस्तक. पार्सल आलं तेव्हा डब्याचा कोपरा चेपलेला, विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर काय, तर आतलं चालतंय ना मग झालं!! असो.

जाइल्स मार्टिनचा नवा मिक्स (मूळ रेकॉर्डिंगमधले आवाज नव्याने जुळवलेली आवृत्ती) ऐकताना आधी धाकधूक होती, कारण बापाने, म्हणजे बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनने, १९६९ ला केलेलं काम आणि पोरगा त्यात हात घालणार म्हटल्यावर... पण खरं सांगू, बास काय सुटा सुटा ऐकू येतो राव, हेडफोनवर तर मजाच. जुना एलपी मात्र मी विकणार नाही, त्याची ऊब वेगळी.

खरी मेजवानी आउटटेक्सची, म्हणजे अल्बममध्ये न घेतलेल्या रेकॉर्डिंगची. 'आय वॉन्ट यू'च्या एका टेकमध्ये आवाज फार होतोय म्हणून शेजारपाजारची तक्रार आलेली कळते आणि बँडमधला जॉन लेनन वैतागतो, फिस्सकन हसलो मी, अगदी आपल्या सोसायटीतल्यासारखं. आणि मेडलीच्या (एकमेकांना जोडलेल्या छोट्या गाण्यांच्या) चाचणी मिक्समध्ये 'हर मॅजेस्टी' हे छोटं गाणं मूळ जागी, मधोमध आहे. तिथे ऐकल्यावर पटतं की बँडमधल्याच पॉल मॅकार्टनीने ते काढायला सांगितलं ते बरोबरच होतं, प्रवाह तुटतो हो. नंतर ते अल्बमच्या शेवटी चिकटलं आणि गंमत झाली.

डॉल्बी ॲटमॉसचा (चहूबाजूंनी आवाज देणारा) सेटअप नसेल तर ब्लू-रेसाठी एवढे पैसे घालू नका, एका सीडीची साधी आवृत्ती मिळते तीच घ्या.