वीतभर प्राण्याचा ‘एक्झॉटिक डॉक्टर’ आणि आमचे ११,३९९ रुपये

दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका गावात मी सेतू केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा ही रोजची कामं. आणि "भाऊ, खात्यातून पैसे कटले, पाहा बरं जरा" म्हणत येणारी माणसंही आता रोजचीच झाली. केवायसीचा फोन, लॉटरी, बिल थकलं म्हणून रात्री लाइन कापतो असा मेसेज, हे सगळं लोकांना एव्हाना ठाऊक झालंय. आमच्या घरी घडलं ते निराळं. त्यात आजारी जीव पुढं करून पैसे काढले गेले, आणि आजारी जिवापुढं माणूस हिशेब करत बसत नाही हे त्या भामट्याला पक्कं माहीत होतं.

जीव म्हणजे ॲक्सोलॉटल. बेडकासारखाच उभयचर, पण शेपटी असलेला. मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्को तलावातला. मोठा झाला तरी डोक्यामागच्या कल्ल्यांच्या झिरमिळ्या तशाच राहतात आणि सारं आयुष्य पाण्यातच जातं. मुलगा अमरावतीला शिकतो. त्यानं तो घेतला, होस्टेलवाल्यांनी ठेवू दिला नाही, म्हणून टाकीसकट आमच्याकडं आला. रंगावरून नाव पडलं गुलाब्या. शेजारच्या काकू पहिल्यांदा पाहून म्हणाल्या, "काऊन गा भाऊ, हे पाल हाय का मासोई?"

या प्राण्याला पाणी १६ ते १८ अंशांचं लागतं. २४ च्या वर गेलं की त्याचे हाल सुरू. आमच्याकडं एप्रिल संपता संपता पारा ४४ ला टेकतो आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. गुलाब्यानं खाणं सोडलं, शेपटीचं टोक वळवून घेतलं, कल्ले पुढं ओढले, आणि मग त्या कल्ल्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी चढलं. मुलाचा अभ्यास सुटला, सौभाग्यवतींची झोप उडाली.

जवळपास याचा डॉक्टर नाही. मुलानं नेटवर शोधलं तर एकजण लगेच सापडला. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात इग्वाना (मोठा परदेशी सरडा), नावापुढं ‘एम. डी. (एक्झॉटिक)’. जनावरांच्या डॉक्टरची पदवी आपल्याकडं बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. आणि पुढची एम.व्ही.एस्सी. असते, आणि प्रॅक्टिस करायला राज्याच्या पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक लागतो. ‘एम. डी.’ माणसांच्या डॉक्टरला. हे एवढं एक पाहिलं तरी अर्धा खेळ उघडा पडतो. या गड्याच्या लेटरहेडवर शिक्का होता, वाघाचं चित्र होतं, नोंदणी क्रमांक तेवढा नव्हता.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तपासणी फी ४९९. फी जमा झाल्यावर व्हिडिओ कॉल, तोही मिनिटभराचा, कॅमेरा त्याच्या बाजूनं बंद. सौभाग्यवती सांगत होत्या की खतासाठी केलेल्या गांडुळांच्या वाफ्यातली लाल गांडुळं दिली तर हा तोंडात घेतो आणि थुंकून टाकतो. त्यावर तो म्हणाला, "ताई, हेच तर लक्षण आहे. आतड्यात इन्फेक्शन उतरलंय. आजची रात्र काढणं कठीण." गांडूळखताची ती लाल गांडुळं अंगातून कडवट द्रव सोडतात, म्हणून धडधाकट ॲक्सोलॉटलही ती बऱ्याचदा थुंकतो. ज्यानं हा प्राणी पाळलाय त्याला हे माहीत असतं. त्याला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यानं ते वापरलं.

मग ‘लॅब कल्चर’चे २,४००. नमुना कशाचा? फोटोचा! अर्ध्या तासात पीडीएफ रिपोर्ट हजर, त्यात हिमोग्लोबिनसुद्धा. मग ‘इम्पोर्टेड अँटिफंगल’चे ४,६००, कुरिअरनं. आणि कुरिअर दारात आलं त्याच दिवशी सकाळी ‘बूस्टर इंजेक्शन’चे ३,९००, कारण "औषधासोबत ते नसेल तर औषधच उलटेल." प्रत्येक वेळी क्यूआर कोड नवा, आणि स्कॅन केल्यावर नाव दिसे ते कधी मोबाईल रिचार्जच्या दुकानाचं, कधी कुण्या बाईचं. विचारलं की उत्तर तयार, "क्लिनिकच्या अकाउंटंटचं खातं आहे."

पार्सलमध्ये निळसर हिरव्या पाण्याची छोटी बाटली होती. वरचं स्टिकर चकचकीत, इंग्रजीत, पण एका कोपऱ्यातून फुगलेलं. सौभाग्यवतींनी चहाच्या भांड्याच्या वाफेवर बाटली धरली, नखानं कोपरा उचलला, राहिलेल्या डिंकाला खोबरेल तेल लावलं. खाली जुनं लेबल जसंच्या तसं निघालं. शोभेच्या माशांच्या अंगावरचे पांढरे ठिपके घालवायचं औषध, त्यात मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन, किंमत ९० रुपये. उभयचरांची कातडी पाण्यातलं बरंच काही आत शोषून घेते. माशाला चालणारं मॅलाकाइट ग्रीन त्यांना विष ठरतं. बाटलीवरच्या चिठ्ठीत वीस थेंब टाकायला सांगितलं होतं.

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "भाऊ, हा प्राणी म्या जन्मात पाह्यला नाही, खोटं कायले सांगू? पण पाणी किती गरम आहे ते आधी सांगा." एवढ्या दिवसांत हा प्रश्न त्या एम. डी.नं एकदाही विचारला नव्हता. पाणी किती गरम, फिल्टर कधी धुतला, पाणी बोअरचं की नळाचं, अमोनिया किती, काहीच नाही. त्याला फोटो आणि पैसे हवे होते. घरातलं तापाचं थर्मामीटर इथं कामाचं नाही, ते ३४-३५ अंशांच्या खाली दाखवतच नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतलं आणलं. पाणी ३० अंश.

साहेबांनीच नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एका ओळखीच्यांशी बोलून उपाय विचारून दिला, एक रुपया न घेता. गुलाब्याला वेगळ्या टबात काढला. टबातलं पाणी रोज पूर्ण बदलायचं, नळाचं असेल तर क्लोरीन काढूनच. पाण्याच्या पृष्ठभागावर टेबल फॅनचा वारा आणि फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आळीपाळीनं. पण पाण्याचं तापमान हळूहळू उतरवायचं, एकदम बर्फगार केलं तर त्या धक्क्यानंच प्राणी जातो. बुरशीसाठी आयोडीन नसलेलं मीठ, लिटरला दोन-तीन चहाचे चमचे, त्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून लगेच साध्या पाण्यात. पंधरा मिनिटांच्या वर नाही, नाहीतर कल्ले जळतात. टाकीतलं अमोनिया तपासायचं किट मुलानं अमरावतीहून आणलं. फिल्टर नळाखाली घासून धुतल्यामुळं त्यातले अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू गेले होते आणि अमोनिया साचला होता. बुरशी त्यातूनच चढलेली. बाटलीतल्या थेंबांचा याच्याशी काही संबंधच नव्हता.

लेबल निघालं तसं आधी मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. त्याच सकाळचे ३,९०० पुढच्या खात्यात अडवले गेले. आधीचे तोवर एटीएममधून निघून गेले होते. फोन जितक्या लवकर, तितकं अडकण्याची आशा, हे मी केंद्रात येणाऱ्यांना सांगतोच. यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला बँक देते तो), क्यूआरचा स्क्रीनशॉट, चॅट, बाटली, कुरिअरची पावती, काही फेकू नका.

पुढं त्यानं दोन डाव टाकले. पहिला, "सर, रिफंड देतो, ही ॲप टाका आणि पिन मारा." पैसे यायला पिन लागत नाही, पिन मारला की पैसे जातात. ती ॲप म्हणजे आपल्या फोनचा पडदा त्याला दाखवणारी. हे माझ्यापुढं चाललं नाही, तेव्हा दुसरा डाव आला, आणि तो जास्त घातक आहे: "परदेशी प्राणी बेकायदा ठेवलाय, वनखात्याला कळवतो."

इथं पुष्कळ लोक गप्प बसतात. ॲक्सोलॉटल साइटिस, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची ४ मधल्या अशा प्राण्यांसाठी २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. नवीन प्राणी आला की ३० दिवसांत. सेतूवाल्याच्या घरी नोंदणी राहून जाईल काय? मी पावतीचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या आणि नंबर ब्लॉक. ज्यांच्याकडं कागद नाही त्यांच्याकडून तो महिनोन्महिने उकळत असणार, असा माझा अंदाज आहे. विकणारा ‘कागदाची काय गरज’ म्हणाला की तिथून घेऊच नका.

गुलाब्याचे कल्ले परत फुटतायत, या प्राण्याचा तो गुणच आहे. खायला परसातली गांडुळं देतो, कपाशीच्या वावरातली नाही, तिथं फवारणी असते.

परवा मुलानं एक जाहिरात दाखवली. नाव वेगळं, नंबर वेगळा, इग्वानाचा फोटो तोच. आता तो कासवं आणि परदेशी पोपटांचाही इलाज करतो, ‘विदर्भात घरपोच औषध’, तपासणी फी ५९९. ती लिंकही तक्रारीला जोडली आहे.