स्विफ्ट एलएक्सआय: टचस्क्रीन नसली तरी चालेल, ईएसपी आहे

मे 2024मध्ये आलेल्या स्विफ्टच्या सगळ्यात स्वस्त एलएक्सआयमध्येही ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), हिल होल्ड (चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय) आणि सहा एअरबॅग आहेत. टचस्क्रीन नाही. इंदुरातून पावसाळ्यात ओंकारेश्वरला जाणाऱ्या घरासाठी हा सौदा चांगलाच आहे.

सिमरोलच्या पुढे भेरूघाट लागतो. समजा, उतारावर डावं वळण आहे आणि डांबरावर काळ्या मातीचा चिखल. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तरी गाडी सरळच निघते. स्टिअरिंगचा सेन्सर सांगतो कुठं जायचंय, दुसरा सेन्सर सांगतो गाडी खरोखर किती वळली. दोन्ही जुळलं नाही की ईएसपी डावं मागचं चाक ब्रेकनं धरतं आणि गाडीचं नाक आत येतं. याउलट मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला, तर उजवं पुढचं चाक धरतं. शिवाय इंजिनाचा जोरही कमी करतं. हे सगळं तुमचा पाय ब्रेकवर नसतानाही होतं. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या नुसत्या एबीएसला ते जमत नाही. मागे ड्रम ब्रेक आहेत म्हणून काही अडत नाही.

अशा वेळी पुढून घरघर ऐकू येते, डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चिन्ह लुकलुकतं. घाबरू नका. जिकडे जायचंय तिकडेच स्टिअरिंग धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडा.

कमी पडतात ते टायर. एलएक्सआय आणि व्हीएक्सआयला 165/80 आर14, झेडएक्सआयला रुंद 185/65 आर15. ईएसपी असलेली पकड वापरतं, नसलेली कुठून आणणार? बायपासवर पाणी साचलेल्या ठिकाणी वेगात टायर पाण्यावर तरंगला, की कुठलंही चाक धरून उपयोग नाही; तिथं आधीच वेग कमी हवा. कायद्याची मर्यादा 1.6 मिमी असली, तरी खाचा 3 मिमीवर आल्या की पावसाळ्याआधी टायर बदला, चारही एकाच मापाचे.

चाकांच्या अलाइनमेंटच्या वेळी तर लक्ष ठेवाच. स्टिअरिंग काढून एखादा दाता इकडेतिकडे बसवलं, तर सेन्सरचा शून्य चुकतो. मग सरळ रस्त्यावरही ईएसपीला गाडी वळतेय असं वाटू शकतं. स्कॅनरनं शून्य पुन्हा बसवून घ्या. चाकाचा सेन्सर किंवा त्याची वायर बिघडली, तर एबीएसचा दिवाही सोबत लागतो.

ईएसपीचं ऑफ बटण फक्त चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढताना दाबा आणि रस्त्यावर येताच पुन्हा चालू करा.

जुनी गाडी घेत असाल, तर इग्निशन ऑन करून ईएसपीचा दिवा बघा. काही सेकंद लागून विझायला हवा. लागूनच राहिला तर बिघाड आहे. मुळीच लागला नाही, तर कुणीतरी तो बंद करून ठेवला असण्याची शक्यता धरा आणि स्कॅन केल्याशिवाय बयाणा देऊ नका.