सोलापूर रस्त्यावरील रोपवाटिका आणि तिथली कोरांटी: रोपे चांगली, माहितीपत्रक कुचकामी

पुण्याहून सोलापूरकडे जाताना सोरतापवाडी, उरुळी कांचन या पट्ट्यात रोपवाटिकांची जी रांग लागते, तिच्यातील एका मध्यम आकाराच्या रोपवाटिकेतून मी गेल्या जूनमध्ये कोरांटीची रोपे आणली. ऐन थंडीत फुलणारे, फारसे लाड न मागणारे आणि कुंडीतही नांदणारे झुडूप हवे असेल, तर माझे पहिले मत कोरांटीलाच आहे. तिला सुगंध नाही, ही एकच उणीव.

येथे कोरांटी मागितली की दोन वेगळ्या जातींची रोपे एकाच ओळीतून काढून दिली जातात, हे ग्राहकाने आधी लक्षात घ्यावे. पिवळ्या फुलांची कोरांटी, जिला वज्रदंतीही म्हणतात, तिचे शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस. तिच्या पानांच्या बेचक्यात सुईसारखे काटे असतात, त्यामुळे कुंपणाला ती उत्तम, पण मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर मुळीच नको. जांभळी, पांढरी, गुलाबी आणि पांढऱ्यावर जांभळे पट्टे असलेली दुरंगी, या सगळ्या बार्लेरिया क्रिस्टाटाच्या असून त्यांना काटे नसतात. रोपाला फूल नसले तरी पानाच्या बुडाशी बोट फिरवून जात ओळखता येते, हे तेथील कामगाराने न विचारता दाखवले. मालकापेक्षा त्यालाच झाडांची अधिक जाण आहे, असे माझे प्रामाणिक निरीक्षण आहे.

रोपांच्या दर्जाबद्दल तक्रार नाही. ती बुडापासून फुटलेली होती, उंचीच्या हव्यासाने किडकिडीत वाढवलेली नव्हती, आणि पाने उलटून पाहिली तरी पिठ्या ढेकणाचा (कापसासारख्या पांढऱ्या किडीचा) मागमूस नव्हता. पिशवीतील माती मात्र चिकट लाल होती. अशी माती वाळली की विटेसारखी घट्ट होते आणि वरून घातलेले पाणी कडेने वाहून जाते; म्हणून लावण्यापूर्वी पिशवी कापून मातीचा गोळा पाण्यात भिजवावा, बाहेरचा थर हलक्या हाताने सुटा करावा आणि मगच शेणखत व वाळू मिसळलेल्या मातीत रोप बसवावे.

खरी नाराजी आहे ती सोबत मिळालेल्या माहितीपत्रकाबद्दल. गुलाबापासून क्रोटनपर्यंत सर्वांना एकच छापील कागद दिला जातो आणि त्यात रोज पाणी, दर पंधरवड्याला युरिया व दसऱ्यानंतर छाटणी, असा सल्ला आहे. कोरांटीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी घातक आहेत. मुळाशी पाणी साचले की ती कुजते, म्हणून वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. युरियातले नत्र जास्त झाले की पाने माजतात आणि फुले रोडावतात. आणि कळ्या फांद्यांच्या शेंड्यांकडे धरत असल्यामुळे दसऱ्यानंतर कात्री चालवणे म्हणजे त्या वर्षीचा बहर स्वतःच्या हाताने कापून टाकणे होय. योग्य छाटणी बहर संपल्यावर, फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चमध्ये, निम्म्यापर्यंत करावी. पावसाच्या सुरुवातीला शेंडे खुडले की झुडूप भरगच्च होते, आणि ते खुडलेले शेंडे ओल्या मातीत खोचले तर बहुतेक रुजतातही. ऊन मात्र किमान अर्धा दिवस हवे.

नोव्हेंबरपासून फुले येऊ लागली. नरसाळ्यासारखे पाच पाकळ्यांचे फूल जेमतेम एक दिवस टिकते, पण दातेरी, कागदासारख्या निदलांच्या (फुलाबाहेरच्या पानांसारख्या आवरणांच्या) झुपक्यातून रोज नवे डोकावत राहते. तेच निदल पुढे वाळून तपकिरी होतात आणि झाड आजारी असल्याचा भास होतो; तो आजार नव्हे. वाळलेली बोंडे ओल लागताच तडकून बी दूर उडवतात, म्हणून शेजारच्या कुंड्यांत रोपे नको असतील तर ती बोंडे आधीच काढून टाकावीत.

पांढरी म्हणून घेतलेल्या रोपांपैकी एक जांभळे निघाले. रोपवाटिकेने हुज्जत न घालता बदलून देण्याची तयारी दाखवली, परंतु रंग कळेपर्यंत हंगाम निघून गेलेला असतो, त्यामुळे या उदारतेचा उपयोग मर्यादित आहे. ज्यांना ठरावीक रंगच हवा, त्यांनी डिसेंबरमध्ये जाऊन फुलावर आलेले रोप निवडावे. बाकीच्यांना जूनची खरेदी अधिक लाभाची, कारण रोपाला मुळे धरायला पूर्ण पावसाळा मिळतो.

लहान पिशवीतील रोप ६० रुपयांना आणि मोठ्या पिशवीतील १५० रुपयांना मिळाले. मोठ्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही, कारण कोरांटी झपाट्याने वाढते आणि पहिल्याच हिवाळ्यात दोन्हींमधला फरक जवळजवळ मिटला. प्लॅस्टिकच्या कुंड्याही तेथे विकायला असतात, पण त्यांच्या तळाला एकच बारीक छिद्र असल्याने त्या घेऊ नयेत.