सोनं की मॅग्नेशियम? फिल्म बसवण्याआधी

द्रव हेलियमच्या 4.2 केल्विनला धातूतली अणूंची कंपनं जवळपास थिजतात. मग दहा-वीस नॅनोमीटरच्या फिल्ममध्ये, म्हणजे धातूच्या अतिपातळ थरात, इलेक्ट्रॉन अडखळतो तो पृष्ठभागावर, स्फटिककणांच्या सीमांवर आणि अशुद्धीवर. यातलं नेमकं काय मोजायचंय, त्यावर धातू ठरतो.

पृष्ठभागाचं विखुरणं तपासायचं असेल तर सरळ सोनं घ्या. ते हवेत खराब होत नाही, त्यामुळे वेगवेगळ्या जाडीच्या फिल्म सावकाश करून रोध ताडून पाहता येतो. मात्र जाडीबरोबर स्फटिककणही मोठे होतात. म्हणून पृष्ठभागाला जबाबदार धरणारं फुक्स-सोंडहाइमर आणि कणांच्या सीमांना धरणारं मयादास-शात्झ्केस, दोन्ही सूत्रं त्याच आकड्यांवर छान बसतात! कणांचा आकार वेगळा मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. काचेवर सोनं नीट धरत नाही म्हणून खाली क्रोमियमचं अस्तर देतात. इथे ते टाळा, टायटॅनियम बरं. सोन्यात शिरलेले क्रोमियमचे किंवा लोखंडाचे अणू चुंबकीय असतात आणि थंडीत रोध वर चढवतात. हा कोंडो परिणाम. शुद्ध फिल्ममध्येही थंडीत रोध तसाच, तापमानाच्या लॉगॅरिदमने चढतो, त्यामुळे नुसत्या रोध-तापमान आलेखावरून कारण कळत नाही. चुंबकीय क्षेत्र लावावंच लागतं.

खरी गंमत तिथेच आहे. भटकत भटकत निघाल्या जागी परतणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या सुलट आणि उलट वाटेच्या लहरी एकमेकींना बळ देतात, रोध वाढतो. क्षेत्र तो मेळ मोडतं, म्हणून मॅग्नेशियममध्ये रोध उतरतो. सोन्याचा अणुक्रमांक 79. इतक्या जड अणूंपाशी इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत चुंबकीय कल, वाटेतच वळतो, लहरींचा मेळ उलटा होतो आणि क्षेत्र लावल्यावर रोध उलट चढतो. भौतिकशास्त्रज्ञ बर्गमननी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला मॅग्नेशियमच्या फिल्मवर सोन्याच्या एका अणुथराचा जेमतेम शतांश शिंपडून आलेखाचं हे वळणं टप्प्याटप्प्याने दाखवलं. स्पिन असा वळवणाऱ्या, म्हणजे स्पिन-ऑर्बिट विखुरण्याचा वेग काढायचा तर मॅग्नेशियमच हवं. सोन्यात तो इतका जोरदार असतो की कमी क्षेत्रातल्या आलेखातून त्याचा आकडा सुटत नाही.

पण मॅग्नेशियम हवेत लगेच ऑक्सिडाइझ होतं. क्रायोस्टॅटच्या (अतिथंड ठेवणाऱ्या पात्राच्या) आत, निर्वात न मोडता, फिल्म बसवून तिथेच मोजायची सोय नसेल तर त्याच्या नादी लागू नका.

इलेक्ट्रॉनची फेज, म्हणजे त्याच्या लहरीची लय, किती वेळ टिकते एवढंच हवं असेल, तर माझं मत चांदीला. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारीक तारांवरच्या मोजमापात 99.9999 टक्के शुद्ध चांदीत तो काळ थंडीबरोबर वाढतच गेला, 99.999 टक्केवाल्या चांदीत मात्र एका पातळीवर अडकला. ऑर्डर देताना दशांश चिन्हापुढचे नऊ मोजून घ्या.